इंजिनकामानंतर चालू न होणारी पिकअप

आमची पिकअप २००४ ची. तात्यांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी बारावीला होतो. तेव्हापासून नाशिकजवळच्या मातोरीच्या मळ्यातून जे निघेल ते, कोथिंबीर, मेथी, कोबी, फ्लॉवर, मखमलाबादमार्गे पंचवटीच्या मार्केट यार्डात तिनेच पोचवलंय. पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी असतो. दुपारी काढणी करायची, जुड्या बांधायच्या, पाणी मारून ओल्या गोणपाटाखाली रचायच्या आणि निघायचं. कोबी एक दिवस थांबतो, कोथिंबीर थांबत नाही. गाडी दारात बंद उभी राहिली की आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी भरल्या गाडीत मखमलाबादच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा लालवर गेला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी नाही, आणि ऑइलची काडी ओढली तर ऑइल चहासारखं पांढुरकं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडाली होती. दुसऱ्या दिवशी पाणी भरत, थांबत थांबत मी ती स्वतः चालवत नाशिकला गॅरेजात नेली. ‘स्वतः चालवत’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

मिस्तरींनी हेड उतरवलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केट जळाली होती, हेड वाकलं होतं. पिस्टनच्या रिंगाही झिजल्या होत्या. इंजिन एवढं खोललंच आहे तर अर्धं काम करून घेऊ, असं ठरलं. हेड लेथवर सपाट करून घेतलं, व्हॉल्व्ह घासले, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, वरून इंजिनला चंदेरी रंग. बारा दिवस आणि अडतीस हजार रुपये. तेराव्या दिवशी मी आणायला गेलो तर गाडी चालूच होत नव्हती.

दोन दिवस गॅरेजात खटपट झाली. दुसरी बॅटरी लावून सेल मारला (म्हणजे सेल्फच्या मोटरने इंजिन फिरवलं), ट्रॅक्टरने ओढली, शेवटी हवेच्या पाइपात स्प्रे मारला. स्प्रेवर इंजिन एकदा खाडकन वाजलं आणि थांबलं. तो आवाज मला आजही आवडत नाही. ईथरचा स्प्रे डिझेल इंजिनात पिस्टन वर पोचायच्या आधीच पेट घेतो आणि सगळा दणका नव्या रिंगांवर बसतो. अडतीस हजारांच्या कामावर तो जुगार कुणी खेळू नये, आणि माझ्यासमोर खेळू दिला याचं मला वाईट वाटतं. त्यानंतर मिस्तरी म्हणाले, “भाऊ, डिझेलचा पंप गेलाय. खोलावा लागेल. वीस-बावीस हजार धरून चाला.”

मिस्तरी खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. चौदा वर्षं ते आमची गाडी बघतात. पण मनात एक गोष्ट अडकली होती. गाडी गॅरेजात आली ती स्वतःच्या इंजिनावर. तेव्हा पंप चालत होता, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल चालत होते, सेल्फ चालत होता. मधल्या बारा दिवसांत पंप टेबलावर पडून होता. उघडा राहिला, पाणी गेलं, धूळ गेली, तर तोही बिघडू शकतो, मान्य. पण ज्या शंभर ठिकाणी हात लागलाय ती सोडून ज्याच्या पोटात कुणी हात घातलेला नाही तिथून सुरुवात का करायची? मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि ट्रॅक्टरला दोरी बांधून गाडी मातोरीला आणली.

घरी न्यायच्या आधी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका पंप-नोझलवाल्या चाचांकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात, टेबलावर उघडे पंप मांडलेले, डोळ्यांना भिंग. पंप खोलून पैसे मिळवणारा माणूस, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “सेल मारल्यावर सायलेन्सरमधून काय येतं?”

मला सांगता येईना. दोन दिवस आम्ही सगळे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होतो, मागे जाऊन कुणी बघितलंच नव्हतं.

“मग पंपाची गोष्ट नंतर,” चाचा म्हणाले. “धूर नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. आधी इंजिन जोरात फिरतंय का बघा, मग धूर. मग या माझ्याकडे.”

माझा मावसभाऊ आयटीआयला मेकॅनिक डिझेल शिकलाय आणि सध्या अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. रात्रपाळी करून सकाळी तो थेट मळ्यात आला. येताना मल्टिमीटर आणि बारीक फट मोजायचं फिलर गेज घेऊन आला, ही त्याची समज. आम्ही आधी एक खात्री केली. हेडचं काम झालेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल आणि तसाच सेल मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडी न्यूट्रल करून पुलीच्या नटाला पाना लावला आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. दोन फेऱ्यांत चार वेळा पाना जड झाला आणि चारही वेळा हळूहळू सुटला. म्हणजे कुठे अडत नाही आणि चारही सिलिंडर हवा धरतायत. कॉम्प्रेशन गेज आमच्याकडे नव्हतं, पण हाताला कळलं ते बरंच होतं. नव्या रिंगा घासून बसेपर्यंत कॉम्प्रेशन थोडं कमीच असतं, हे धरून चालायचं.

मग सेल मारला. घुर्र… घुर्र… घुर्र. आवाज ऐकताच भाऊ म्हणाला, “दादा, ही फिरतच नाहीये.”

इथे थोडं सांगावं लागेल, कारण पेट्रोल गाडी वापरणाऱ्याला याचं महत्त्व पटकन कळत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन सावकाश फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, तिची ऊब थंडगार लोखंडात जाते, आणि पेटण्याएवढी गरमी तयारच होत नाही. नोव्हेंबरअखेरची आमच्याकडची सकाळ म्हणजे तोंडातून वाफ निघते. त्यात सिलिंडर आधी गरम करणारे हीटर प्लग आमच्या इंजिनाला नाहीत. सगळी मदार सेल्फच्या वेगावर.

सगळ्यांचा समज होता की बॅटरी दमलीय. भावाने मल्टिमीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावला. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट. सेल मारताना १०.९. बॅटरी दमलेली असती तर हा आकडा नऊच्या आसपास किंवा खाली गेला असता. बॅटरीला काही झालं नव्हतं, तिच्यातला करंट वाटेत कुठेतरी अडत होता. त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडून. “मार आता.” अर्थिंग चांगली असेल तर हा आकडा शून्याजवळ राहतो, फार तर ०.२-०.३. आला २.१. दोन व्होल्ट नुसते परतीच्या वाटेत जात होते, सेल्फच्या वाट्याला नऊच्या खालीच उरत होते.

त्याच वेळी तात्यांनी ॲक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला आणि म्हणाले, “ही कोमट लागतीये रे.” मला आधी पटलं नाही. हात लावला तर खरंच, केबलचं इंजिनकडचं टोक कोमट. सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला जाड वाट सापडली नाही की तो मिळेल त्या वाटेने जातो, आणि इंजिन व चासी जोडणारी दुसरी धातूची गोष्ट ही बारीक केबल होती. आणखी दहा वेळा सेल मारला असता तर ती आतून जळाली असती.

भाऊ गाडीखाली गेला. गिअरबॉक्सच्या बोल्टपासून चासीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, ती जागेवर होती, बोल्ट कसलेला होता. लांबून सगळं ठीक दिसावं असं. बोल्ट खोलला तर पट्टीच्या डोळ्याखाली चंदेरी रंगाचा गुळगुळीत थर. इंजिन उतरवताना पट्टी काढली, इंजिनला रंग मारला, रंगावरच पट्टी बसवली. रंग वीज जाऊ देत नाही. पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं, पट्टीचे दोन्ही डोळे घासले, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. परत मीटर लावला, ०.२. आणि सेलचा आवाज बदलला. घुर्र जाऊन तो जुना चक-चक-चक-चक आला, जो अंगणात ऐकला की आई चहाचं आधण काढून ठेवायची.

पण गाडी लागली नाही. या वेळी मी मागे सायलेन्सरजवळ उभा होतो. पंधरा सेकंद सेल मारला. धुराचा एक धागा नाही.

धूर नाही, म्हणजे डिझेल नाही. चावी ऑन केल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडचा (विजेने उघडणाऱ्या झडपेचा) बारीक ‘टक’ आवाज येतो, तो येत होता. त्याच्या वायरीवर बारा व्होल्टही मिळत होते. हा सोलेनॉइड उघडला नाही तर पंप डिझेल पुढे सोडतच नाही, म्हणून हे आधी बघायचं. मग एक नंबरच्या नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल केला, भोवती चिंधी गुंडाळली आणि सेल मारला. चिंधीवर आला तो नुसता फेस. हे करताना हात लांब ठेवायचा आणि डोळ्यांना चष्मा लावायचा. पाइपमधल्या दाबाने डिझेलची बारीक धार कातडीत शिरते, आणि ती जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखान्यात जायची जखम आहे.

फेस म्हणजे लाइनमध्ये हवा. गॅरेजात त्यांनी एअर काढली होती, मी स्वतः पाहिली होती. फिल्टरच्या डोक्यावरचा हँडपंप दाबायचा, ब्लीडिंगचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. तेच आम्ही पुन्हा केलं. दाबून दाबून अंगठा बधिर झाला पण हँडपंप कडक होईना. हवा गेलेल्या लाइनमध्ये वीस-पंचवीस दाबांत तो दगडासारखा होतो. आमचा शंभर दाबांनंतरही लोण्यासारखा. म्हणजे आपण जेवढी हवा काढतोय तेवढी दुसरीकडून आत येतेय.

आता हे शोधणं अवघड का, ते सांगतो. आमच्या पंपात डिझेल ओढणारी पंखडी पंपाच्या पोटातच आहे. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढणाऱ्या बाजूची. तिथे फट असली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब पडत नाही, पाइप कोरडा दिसतो, माणूस फसतो. मिस्तरींनी गळती शोधली होती, पण ओलं कुठे दिसतंय तेच शोधलं होतं.

भावाला एक युक्ती सुचली. शेजारी घराचं काम चालू आहे, तिथल्या गवंड्याकडून लेव्हलच्या पारदर्शक पाइपचा हातभर तुकडा आणला. फिल्टर आणि पंप यांच्यामधला काळा रबरी पाइप काढून तिथे हा तुकडा क्लिप लावून बसवला. आता लाइनच्या आत काय चाललंय ते दिसणार होतं. सेल मारायला तात्या बसले, मी पाइपशी डोळा लावला. आधी पिवळसर डिझेल सरळ पुढे सरकलं. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मागून दुसरा, मग मण्यांच्या माळेसारखे एकामागून एक. एका ठिकाणी ते एकत्र येऊन बोटभर लांबीची रिकामी जागा झाली आणि ती तशीच पंपात शिरली. दोन दिवस गाडीचं काय झालंय ते मला डोळ्यांनी दिसलं. मी त्या पाइपकडे बराच वेळ बघत बसलो.

हवा टाकीकडून येतेय की फिल्टरकडून? टाकीची लाइन फिल्टरवरून काढली आणि पाच लिटरच्या कॅनमध्ये डिझेल घेऊन छोट्या पाइपने थेट फिल्टरला जोडलं. कॅन मुद्दाम खाली जमिनीवर ठेवला. बरेच जण तो बॉनेटवर बांधतात. वर ठेवला तर डिझेल उताराने आपोआप येतं, गाडी चालूही होते, आणि हवा शिरण्याची जागा लपून राहते. खाली ठेवला तर पंपाला खरंच ओढावं लागतं. सेल मारला, बुडबुडे तसेच. म्हणजे टाकी आणि तिथून येणारी लांब लाइन निर्दोष, दोष फिल्टरच्या डोक्यात.

फिल्टरच्या डोक्याला आत येणारी नळी एका पोकळ बोल्टने बसते, त्याला बँजो म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं एकेक वॉशर असतं. बोल्ट काढून वॉशर तळहातावर घेतली. एकावर कडेने खोल गोल घळ पडलेली, घळीला आडवा एक ओरखडा. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दुसऱ्यांदा फटीच्या आकारात बसत नाही. जुनीच वॉशर परत टाकली होती. अडतीस हजारांच्या कामात दहा रुपयांचं वॉशर.

रात्रीचे साडेआठ झाले होते, नाशिकला जाऊन दुकान उघडं मिळालं नसतं. भाऊ वॉशर सांडशीत धरून गॅसवर घेऊन गेला. लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात टाकलं. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. नंतर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर गोल गोल घासून घळ काढली. तात्पुरतं का होईना, बसलं. (दुसऱ्या दिवशी पंचवटीतून लाइनमधली सगळी वॉशर नवी आणली आणि बदलली.) हँडपंप दाबायला घेतला आणि बाविसाव्या दाबाला तो अंगठ्याखाली अडला. लेव्हल पाइपमध्ये एकही बुडबुडा नाही, नुसतं स्वच्छ डिझेल. चारही नोझलचे नट सैल करून सेल मारला, फेस संपून पच्-पच् अशी जोरकस उडी यायला लागली, नट आवळले.

आणि मग धूर आला. पांढरा, जाड, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. अंगण भरून गेलं, गोठ्यातल्या गाईने मान वळवली. इंजिन भक्-भक् करत दोन-तीनदा उचललं, एकदा तर चार-पाच सेकंद थरथरत चाललंही, आणि बसलं. आम्ही थांबलो. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. भावाची रात्रपाळी होती, तो तसाच कामावर गेला.

सकाळी मी चाचांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पांढरा धूर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “आता डिझेल पोचतंय. पण वेळेवर पोचतंय का? नोझलच्या नळ्या कुठून कुठे जातात ते बघा. टॅपेट बघा. मग पंपाच्या गळ्यावरची रेघ बघा.” मी विचारलं, पंप काढून आणू का? “रेघ बघा आधी.”

नळ्या बरोबर होत्या. आमच्या इंजिनाचा क्रम १-३-४-२, त्या क्रमानेच लावलेल्या. दुपारी भाऊ आला, झोपलेला नव्हता. वरचं कव्हर काढून टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधल्या फटीत, फिलर घातला, आठही ठिकाणी फट बरोबर. इथे मिस्तरींचं काम अगदी नेटकं होतं, हे सांगायलाच हवं. मग क्रँक पुलीवरची खूण टायमिंग केसच्या काट्यासमोर आणली. अशा वेळी एक नंबरचा पिस्टन दाबाच्या शेवटाला आहे हे कसं ओळखायचं, तर चार नंबरचे व्हॉल्व्ह बघायचे. एक बंद होत आलाय आणि दुसरा उघडायला लागलाय, पुली जराशी पुढे-मागे केली की दोन्ही रॉकर तराजूसारखे झुलतात, तर एक नंबर योग्य जागी आहे. ते तसेच झुलले. म्हणजे आतले टायमिंगचे गिअर बरोबर बसलेत, कव्हर खोलायची गरज नाही. हा दिलासा फार मोठा होता, कारण तिथे चूक असती तर अर्धं इंजिन पुन्हा खोलावं लागलं असतं.

राहिली रेघ. पंप टायमिंग केसला बसतो तिथे पंपाच्या फ्लँजवर एक आणि केसवर एक अशा दोन छिन्नीच्या बारीक रेघा असतात. त्या समोरासमोर असल्या की पंपाची वेळ बरोबर. आम्हाला रेघा दिसेनात. वाकून, आरसा धरून, टॉर्च मारून पाहिलं, सगळीकडे चंदेरी रंग. पुन्हा तोच रंग. चिंधी डिझेलमध्ये बुडवून, जुना टूथब्रश घेऊन मी घासायला बसलो. आधी केसवरची रेघ उमटली. मग फ्लँजवरची. दोघींमध्ये अंतर होतं. पट्टी लावली, साडेतीन मिलिमीटर.

साडेतीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण पंपाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचे दोन, त्यामुळे पंपावरची चूक क्रँकवर दुप्पट होते. डिझेल पिस्टन वर पोचायच्या जरासं आधी पडायला हवं, हवा सगळ्यात तापलेली असताना. आमचं पडत होतं उशिरा, पिस्टन खाली यायला लागल्यावर. तोवर हवा पसरून गार होत आलेली. डिझेल न पेटताच वाफ होऊन बाहेर, तोच तो पांढरा धूर. गरम इंजिनाने कदाचित हे चालवून घेतलं असतं. थंड इंजिन, नव्या रिंगा, हिवाळ्याची हवा, यात जागाच उरली नाही.

चारही नळ्यांचे नट सैल केले, पंपाचे नट सैल केले. पंपाचा आतला दांडा ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट बाजूला पंपाचं अंग वळवलं की डिझेल लवकर पडतं. तसंच वळवायला हवं होतं. पंप जागेवर चिकटला होता, भावाने लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळू ठोके दिले. मी रेघांवर टॉर्च धरून बसलो. एक मिलिमीटर, दोन, आता थांब, अजून थोडं. रेघ रेघेला मिळाली आणि मी ओरडलोच. नट आवळले, नळ्या आवळल्या, पुन्हा हवा काढली.

चावी तात्यांना दिली. गाडी त्यांची आहे. तात्यांनी ती ऑन केली, सोलेनॉइड ‘टक’ म्हणाला, सेल मारला. चक-चक-चक, आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला इंजिन लागलं. आधी दोन सिलिंडरवर अडखळत, मग तिसरं आलं, मग चौथं, आणि तो ओळखीचा खडखडाट पूर्ण झाला. पांढरा धूर पाच मिनिटांत विरळ झाला, दहा मिनिटांत सायलेन्सरच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसत होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले. भाऊ गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि तिथेच झोपला.

आम्ही लगेच मार्केटला निघालो नाही. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून बुडबुडे येतात का पाहिलं, नवी गॅस्केट गॅस सोडत असेल तर तिथे कळतं. आले नाहीत. ऑइलची काडी पाहिली, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी चाचांकडे गाडी नेली, चालवत. पंपाच्या पाठीमागचा छोटा बोल्ट काढून त्यांनी डायल गेज लावलं, अगदी केसभर फरक निघाला तो दुरुस्त केला. पंप खोलला नाही. पाचशे रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

तिथून मिस्तरींकडे गेलो. जुनं वॉशर खिशात होतं, ते त्यांच्या हातावर ठेवलं, अर्थिंगचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. ते वॉशर बोटांत फिरवत बराच वेळ उभे होते. मग पोऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, “रंग मारायच्या आधी अर्थिंगच्या जागेवर आणि पंपाच्या खुणेवर टेप लावायची. आजपासून.” मला म्हणाले, पाचशे किलोमीटर झाले की आणा, हेडचे नट पुन्हा टॉर्क लावून बघतो, ऑइल बदलतो, पैसे नको. मी आणतो म्हणालो. पहिले काही दिवस निम्माच माल भरा, चढाला रेस देऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या संध्याकाळी चारशे जुड्या कोथिंबीर भरली, निम्मीच गाडी. मखमलाबादच्या चढाला तात्यांनी गिअर वेळेवर खाली घेतला, काटा मधोमध होता. मार्केट यार्डाच्या गेटवर पोचलो तेव्हा लिलाव सुरू व्हायचा होता.